पाचवाला पुडा आणि गुपचूप झालेली भाववाढ

गॅस सिलेंडर ५० रुपयांनी वाढला की टीव्हीवर दिवसभर पट्टी फिरते, विरोधी पक्षातल्या बायका चूल मांडून रस्त्यात बसतात, फोटो निघतात. दूध २ रुपयांनी महागलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर. पेट्रोलचं तर विचारूच नका. आणि बिस्किटाच्या पुड्यातून १० ग्रॅम माल कमी झाला तर? काही नाही. कोणाला कळतच नाही. वाणी पण सांगत नाही कारण त्याला पण माहीत नसतं, पेटी आली, फोडली, बरणीशेजारी लावली, संपलं.

याचं कारण साधं आहे. सिलेंडर घरगुती असेल तर १४.२ किलोचाच, दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची, पेट्रोल लिटरवर. माप पक्कं असल्यामुळे जे काय वाढवायचं ते भावातच वाढवावं लागतं, आणि भाव वाढला की तो दिसतो, त्यावर भांडता येतं. पाचच्या पुड्यात सगळं उलटं आहे. तिथे भाव पक्का आणि माप सरकतं. म्हणजे महागाई तेवढीच होते पण तिचा चेहरा कुणाला दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीला भाव वाढवायचा पूर्ण हक्क आहे, धंदा आहे तो, धर्मशाळा नाही, पण तो वाढवताना गिऱ्हाईकाला सांगितलं पाहिजे. आणि आपला आत्ताचा कायदा हे सांगायला लावतो असं दाखवतो पण प्रत्यक्षात लावत नाही.

आधी हे ५ रुपयांचं प्रकरण काय आहे ते बघू. एफएमसीजी म्हणजे रोजच्या वापराचा माल विकणाऱ्या कंपन्यांच्या भाषेत याला प्राइस पॉइंट म्हणतात, १, २, ५, १०, २०. एका नाण्यात किंवा एका नोटेत व्यवहार संपला पाहिजे. पोरगं दुकानात येणार, हातात ५ चं नाणं, "काका पाचवाला द्या", विषय संपला. त्याच पुड्याचे ५ रुपये ५० पैसे केले तर सुट्यांची भानगड, आणि सुटे नाहीत म्हणून वाणी हातावर गोळी ठेवणार. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेरीस चलनातून गेली, ५० पैसे कागदावर अजून चालतात पण एखाद्या रिक्षावाल्याला देऊन बघा. म्हणजे ५ वरून पुढची व्यवहार्य पायरी ६ ची आणि ६ म्हणजे एकदम २० टक्के वाढ, आणि शेजारच्या कंपनीने ५ च ठेवले तर तुमचा माल पडून. त्यामुळे कुणीच किंमत हलवत नाही, सगळे ग्रॅम हलवतात. हे काही चोरून होत नाही बरं का, निदान शेअर बाजाराच्या लोकांपासून तरी नाही. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, गहू भडकला, इंडोनेशियाने एप्रिल-मे मध्ये काही आठवडे पाम तेलाची निर्यातच बंद केली, तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या कंपन्या गुंतवणूकदारांना उघडपणे सांगत होत्या की आमचा साधारण ३० टक्के धंदा अशा ठराविक किमतींच्या पॅकवर चालतो आणि तिथे आम्ही ग्रामेज, म्हणजे आतल्या मालाचं वजन, कमी करतोय. शेअर घेणाऱ्याला माहिती, पुडा घेणाऱ्याला नाही. मला खटकतं ते हे.

पार्ले-जीचं उदाहरण सगळ्यात प्रसिद्ध आहे म्हणून तेच घेतो, विलेपार्ल्याचीच कंपनी, आपल्याच घरातली. नव्वदच्या दशकात ४ रुपयांना १०० ग्रॅम मिळायचं. मग वर्षानुवर्षं किंमत हलली नाही, वजन हळूहळू खाली येत गेलं, ९२.५, ८८, असं करत करत शेवटी किंमत ५ झाली आणि वजन ५५ ग्रॅमच्या आसपास आलं. आता गणित करा, १०० ग्रॅमला ४ रुपये होते ते ९ रुपयांच्या वर गेले, म्हणजे सव्वादोन पटीपेक्षा जास्त. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण ही वाढ पंचवीस-तीस वर्षांत झालीय, चक्रवाढीने बघितलं तर वर्षाला जेमतेम ३ टक्के पडते. या काळात साखर, मैदा, डिझेल, मजुरी कशी वाढली ते तुम्हीच आठवून बघा. म्हणजे खरं सांगायचं तर हे बिस्कीट बाकी सगळ्या गोष्टींच्या मानाने स्वस्तच झालंय. व्हॉट्सॅपवर "कंपनीने लुटलं" म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते मला त्यामुळे पटत नाहीत.

पण मग उलटा प्रश्न येतो. वाढ जर इतकी रास्त होती तर लपवायची कशाला? कारण लपवलेली वाढ पचते. माणूस किंमत लक्षात ठेवतो, वजन ठेवत नाही. तुमच्या घरातल्या साबणाच्या वडीचं वजन आत्ता न बघता सांगा. नाही सांगता येणार. टूथपेस्टचं? चहाच्या पुड्यावर २५० लिहिलंय की २४५? कंपन्यांना आपल्या या सवयीचा पूर्ण अंदाज आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत.

इथे कोणी म्हणेल की मध्यमवर्गीयाला १० ग्रॅमने काय फरक पडतो. बरोबर, त्याला नाही पडत, त्याचा फॅमिली पॅक महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी संपतो, तो दुसरा आणतो. पण पाचच्या पुड्याचं खरं गिऱ्हाईक तो नाहीये. नाक्यावर सकाळी कामाची वाट बघत उभा असलेला माणूस, एसटी स्टँडवरचा हमाल, बांधकामावरची बाई, यांचा चहा आणि पुडा हा टाइमपास नसतो, ती न्याहारी असते, कधीकधी तेच दुपारचं जेवण. त्याने खिशातून ५ काढायचे ठरवलेले असतात, ५ च काढतो, आणि ग्रॅम कमी झाले की तो तेवढा उपाशी राहतो, दुसरा पुडा घेत नाही. म्हणजे भाववाढ झाल्यावर माणसाकडे जो पर्याय असतो, की बाबा महाग झालं तर मी दुसरं काहीतरी खातो, केळं घेतो, वडापाव घेतो, तो पर्यायच इथे त्याच्यासमोर येत नाही कारण महाग झाल्याचंच त्याला माहीत नाही. (वडापाववाला बघा, तो १५ चा २० करताना सरळ पाटीवर खडूने नवीन आकडा लिहितो आणि चार दिवस लोकांच्या शिव्या खातो.)

एक गोष्ट मात्र उलट बाजूने पण सांगितली पाहिजे, नाहीतर अर्धंच चित्र राहील. छोटं पाकीट म्हणजे गरिबाला महाग असं सरसकट नसतं. शाम्पूचं १-२ रुपयांचं सॅशे घ्या आणि त्याच कंपनीची बाटली घ्या, मिलीमागे हिशोब करा, बऱ्याचदा सॅशे स्वस्त निघतं. कारण सॅशेवर मारामारी आहे, चेन्नईच्या केविनकेअरने चिक शाम्पू ५० पैशाच्या सॅशेत आणला आणि मोठमोठ्या कंपन्यांना खाली यावं लागलं. तिथे किंमत पक्की म्हणून स्पर्धा मिलीवर होते. पण ही स्पर्धा गिऱ्हाईकाच्या कामाची कधी, तर त्याला मिली दिसले तर. आणि नियम काय आहे माहितीये? १० ग्रॅम किंवा १० मिली पर्यंतच्या पाकिटांना पॅकेजवरच्या माहितीच्या नियमांतून सूट आहे. म्हणजे जो गरीब माणूस सगळ्यात छोटं पाकीट घेतो त्यालाच सगळ्यात कमी माहिती देण्याची कायद्याने मुभा.

आता कायद्याकडे येऊ. आपली एमआरपी ही जगात तशी दुर्मिळ गोष्ट आहे, सगळे कर धरून छापील किंमत, तिच्यावर एक पैसा घ्यायचा नाही. १९९० पासून ती सक्तीची झाली, त्याआधी पाकिटावर "स्थानिक कर वेगळे" असं छापून दुकानदार मनाला येईल ते लावायचे. एमआरपीने फायदा झाला हे मान्यच. पण तिने आपल्याला एक सवय पण लावली, पाकीट उलटं करायचं, आकडा बघायचा, ठेवायचं. वजनाकडे नजर जातच नाही. पूर्वी बऱ्याच वस्तूंना ठराविक वजनं ठरवून दिलेली होती, चहा, बिस्कीट, खाद्यतेल, साबण, दूध पावडर वगैरे, की बाबा एवढ्याच मापांत पॅक करा म्हणजे तुलना करता येईल. पळवाटा तेव्हाही होत्या. पण २०२१ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, अंमल २०२२ पासून. सरकारचं म्हणणं असं की आता पाकिटावर युनिट सेल प्राइस छापायची, म्हणजे एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत, मग वजन काहीही असू दे, गिऱ्हाईक तुलना करेल. ऐकायला एकदम मस्त.

आता यातली गंमत बघा. नियम म्हणतो, १ किलोपेक्षा कमी वजन असेल तर दर एका ग्रॅमचा छापायचा आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंत. ५ रुपयांना ५५ ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ०.०९०९, छापणार ०.०९. बरं, कंपनीने उद्या ५३ ग्रॅम केले, ०.०९४३, छापणार ०.०९. आधी ५८ ग्रॅम होते तेव्हा? ०.०८६२, छापलं असणार ०.०९. म्हणजे ५८ वरून ५३ पर्यंत माल उतरवला, जवळजवळ ९ टक्के कमी दिला, तरी पाकिटावरचा दर तोच! ज्या आकड्याने आपल्याला सावध करायचं तो आकडाच झोपलेला. हाच दर १०० ग्रॅममागे छापा म्हटलं असतं तर ८.६२ चे ९.४३ झालेले कोणालाही दिसले असते. एवढी साधी गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही की लक्षात येऊन सोडून दिली ते मला माहीत नाही, पण चौथीच्या पोराला दिलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. शिवाय तो आकडा छापतात कुठे, तर पाकिटाच्या शिवणीपाशी, बॅच नंबर आणि तारखेच्या गर्दीत, पुसट शाईत. चष्मा लावून पण दिसत नाही.

खाद्यतेलात तर माप हीच एक कला झाली होती. तेल गरम झालं की फुगतं हे शाळेतलं विज्ञान. १ लिटर सोयाबीन तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. मग काही पॅकर लिटरपुढे बारीक अक्षरात तापमान लिहायचे, ६० अंश वगैरे, म्हणजे माल कमी आणि लिटर पूर्ण. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमान लिहायचं बंद करा, आणि जे वजन छापाल ते आत भरलेलं असू द्या. चांगलं केलं. पण तोवर ठराविक मापांचं बंधन उठलेलं होतं, मग आता फळीवर ९१० ग्रॅमच्या शेजारी ८५०-८७० ग्रॅमच्या पिशव्या, दिसायला सारख्याच, उंची सारखी, चित्र सारखं. आमच्याकडे भाजीवाल्याने काटा मारला तर आपण चारचौघात त्याची इज्जत काढतो, उसाच्या काट्यावरून साखर कारखान्यांविरुद्ध आंदोलनं होतात, वजनमाप खात्याची माणसं तराजू तपासायला येतात. ही पिशवी मात्र कायद्याने एकदम बरोबर आहे, कारण मागे लिहिलंय ना.

आणि मग आला २२ सप्टेंबर २०२५. जीएसटी कमी झाला, बिस्कीट, शाम्पू, डोक्याचं तेल, साबण, टूथपेस्ट सगळं १८ वरून ५ टक्क्यांवर. ५ रुपयांच्या पुड्याचा हिशोब केला तर मूळ किंमत ४ रुपये २४ पैसे, त्यावर ५ टक्के, म्हणजे नवीन एमआरपी ४ रुपये ४५ पैसे आली पाहिजे. किंवा किंमत ५ च ठेवायची तर ५५ चे साधारण ६२ ग्रॅम. कंपन्यांनी लगेच सांगितलं की पैशात किंमत करता येणार नाही, लोकांना ५ ची सवय आहे, आम्ही ग्रॅम वाढवून देऊ. मधे थोडे दिवस ४.४५ वगैरे छापलेले पुडे आलेही बाजारात, वाण्याने ते ५ लाच विकले असणार, ५५ पैसे परत कोण देतो आणि कोण मागतो, यूपीआयवर ४.४५ टाकणारे किती जण आहेत आपल्यात?

त्याच सुमारास दिल्ली हायकोर्टाचा एक निकाल आला, २०१७ मधल्या जीएसटी कपातीच्या जुन्या प्रकरणात, व्हॅसलीनच्या एका वितरकाचं. तिथे बचाव असा की किंमत उतरवली नाही पण माल जास्त दिला. कोर्ट म्हणालं की नाही, कर कमी झाला तर किंमत कमी झाली पाहिजे, गिऱ्हाईकाने न मागितलेला जास्तीचा माल त्याच्या गळ्यात मारून फायदा पोचवला असं म्हणता येणार नाही. तत्त्व म्हणून मला हे पटतं. व्यवहारात मात्र पाचच्या पुड्याला ते लागू करायला गेलं की तेच ५५ पैसे आडवे येतात, आणि प्रामाणिकपणे सांगतो, नाक्यावरच्या त्या माणसाला ४.४५ च्या पुड्यापेक्षा ६२ ग्रॅमचा पुडा जास्त उपयोगाचा आहे. इथे मी कंपन्यांच्या बाजूने आहे. फक्त ते ६२ ग्रॅम किती दिवस टिकतात हे बघणारं कोणीतरी पाहिजे ना. आज करकपातीच्या नावाने ७ ग्रॅम वाढवले आणि सहा महिन्यांनी पाम तेल महागलं म्हणून ५ काढून घेतले तर?

बघणारं कोण होतं? २०१७ मध्ये जीएसटीबरोबर नफेखोरीविरोधी प्राधिकरण आलं. त्याने डिसेंबर २०१८ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरविरुद्ध सुमारे ३८३ कोटींचा आदेश काढला होता, कंपनी कोर्टात गेली. पुढे २०२२ च्या डिसेंबरात हे काम स्पर्धा आयोगाकडे गेलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून नवीन तक्रारी घेणंच बंद. म्हणजे जीएसटीतली सगळ्यात मोठी दरकपात सप्टेंबरात आणि तिचा फायदा पोचला का हे विचारायची खिडकी त्याच वर्षी एप्रिलात बंद. मग सरकारने १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दिला. तिथे फोन करून मी काय सांगू, की पूर्वी किती ग्रॅम होते हे मला आठवत नाही पण कमी वाटतायत?

आठवत नाही हीच तर अडचण आहे, आणि ती फ्रान्सने बरोबर पकडली. १ जुलै २०२४ पासून तिथल्या मोठ्या दुकानांना पाटी लावावी लागते, की या वस्तूचं वजन एवढ्याचं एवढं झालंय आणि किलोमागे किंमत एवढी वाढलीय, आणि ती पाटी दोन महिने ठेवायची. दक्षिण कोरियात पण त्याच वर्षी ऑगस्टपासून न सांगता माप कमी केलं तर दंड. आपल्याकडे दुकानात पाटी लावणं जमणार नाही, वाण्याच्या दुकानात माणूस आत जातच नाही, काउंटरवरून मागतो, म्हणून ते पाकिटावरच समोरच्या बाजूला छापलं पाहिजे, "आधी ६२ ग्रॅम, आता ५७ ग्रॅम", तीन महिने. "२० टक्के जास्त" मोफत मिळालं की ते केवढ्या पिवळ्या पट्ट्यात छापतात बघा, जागा आहे पाकिटावर.

कंपन्या म्हणतील रॅपरचा खर्च, जुना साठा, वेगवेगळ्या कारखान्यांतून वेगवेगळं वजन. वजन बदललं की रॅपर तसंही नवीनच छापावं लागतं, त्यात एक ओळ वाढली. खरी भीती वेगळी आहे, एकाने छापलं आणि दुसऱ्याने अजून वजन कमी केलं नाही तर पहिला आपटणार, म्हणून हे कोणी आपणहून करणार नाही, सगळ्यांना एकदम सक्ती केली तरच होईल. आणि ग्राहक संघटनांनी हे लावून धरायला पाहिजे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घराघरांचे संघ करून एकत्र खरेदी करते, तिथे किलोचा भाव विचारूनच माल घेतला जातो, ही नजर आपल्याकडे आहे, ती फक्त त्या सभासदांपुरती राहिलीय.

आणि हे सगळं करायला संसदेत कायदा वगैरे आणायची गरज नाहीये, पॅकेज्ड कमोडिटीजच्या म्हणजे पाकीटबंद मालाच्या नियमांत एक दुरुस्ती पुरते, एका ग्रॅमऐवजी १०० ग्रॅमचा दर आणि वजन बदलल्याची ओळ. ते होत नाही असं पण नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने एक अधिसूचना काढली आणि पान मसाल्याच्या छोट्यात छोट्या पुडीची ती १० ग्रॅमची सूट काढून घेतली, १ फेब्रुवारी २०२६ पासून प्रत्येक पुडीवर किरकोळ विक्री किंमत आणि बाकी सगळी माहिती छापायची. कारणांत ग्राहकहित होतंच, पण त्याच्यासोबत हे पण होतं की आता पान मसाल्यावरचा जीएसटी छापील किमतीवर बसणार, म्हणून ती किंमत पुडीवर दिसायला पाहिजे.